एका शिरेचा माग: अर्धशिशीच्या औषधाची हकिगत

१९६० साली ‘न्यूरॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात किंबॉल, फ्रीडमन आणि व्हायेहो या तिघांचा एक निबंध छापून आला. अर्धशिशीच्या रुग्णांना ऐन दुखण्यात त्यांनी शिरेतून सेरोटोनिन दिलं होतं, आणि दुखणं ओसरलं होतं. पण त्याबरोबर रुग्णांचा श्वास कोंडायचा, चेहरा तापायचा, भोवळ यायची. डोकेदुखी थांबवण्यासाठी माणसाला या हालातून नेणं कोणत्याही डॉक्टरला पटणारं नव्हतं. म्हणजे गुण देणारा पदार्थ हाती आला होता, पण तो रुग्णाला देता येत नव्हता. त्याचा गुण तेवढा ठेवून बाकीचा त्रास वगळायचा, या कामाला पुढं जवळजवळ तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांची आणि त्यांच्या थोड्या आधीची ही हकिगत. तिचा एक धागा मुंबईच्या केईएम रुग्णालयातूनही जातो.

अर्धशिशी आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात ती ‘अर्धावभेदक’ या नावानं आहे, आणि घराघरात तिची खूण एकच असते: कपाळाला उगाळलेली सुंठ, डोक्याला करकचून बांधलेलं फडकं आणि दार लोटून घेतलेली अंधारी खोली. उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही, फोडणीचा वास आला की मळमळतं. आणि एवढं होऊनही तपासायला गेलं तर काहीच सापडत नाही. ताप नाही, सूज नाही, क्ष-किरणाच्या चित्रात काही दिसत नाही. ही व्याधी पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होते. दिसत नाही आणि बायकांना होते, या दोन्ही कारणांनी कित्येक पिढ्या तिला मनाचे खेळ, कामाची टाळाटाळ, नाजूकपणा असली नावं दिली गेली. माझ्या मते या हकिगतीतलं खरं वजन इथंच आहे. औषधाचा शोध लागला तेव्हा वेदना तर कमी झालीच, पण ती खरी असल्याचं बाकीच्यांनीही मान्य केलं.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या डॉक्टरांजवळ एक औषध आलं होतं. राय या धान्यावर पडणाऱ्या अरगट नावाच्या बुरशीतून ते निघालं. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर येणारा अरगट त्याच कुळातला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला सुईणी ही बुरशी फार पूर्वीपासून वापरत असत. १९१८ मध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल यांनी तिच्यातून एर्गोटामीन वेगळं काढलं, आणि १९२०च्या दशकात ते अर्धशिशीवर दिलं जाऊ लागलं. गुण येत होता. का येतो, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कमधले हॅरल्ड वुल्फ पुढं आले. १९३८ साली त्यांनी जॉन ग्रॅहम यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुखणं चालू असलेल्या रुग्णाच्या कानशिलावर उडणाऱ्या धमनीचे ठोके त्यांनी यंत्रानं टिपले, मग एर्गोटामीन टोचलं. जसजशी ठोक्यांची उंची कमी होत गेली, तसतसं रुग्ण सांगत असलेलं दुखणंही कमी होत गेलं. दोन रेघा हातात हात घालून उतरल्या. त्यावरून वुल्फ यांनी मांडलं की कवटीबाहेरच्या रक्तवाहिन्या फुगतात, भोवतालच्या मज्जातंतूंना ताण देतात आणि अर्धशिशी होते. त्या आकसल्या की ती थांबते. ही मांडणी इतकी सुटसुटीत होती की पुढची पन्नास वर्षं बहुतेकांनी तीच खरी धरली. ती अपुरी होती. पण तिच्याच आधारानं पुढचं औषध सापडलं, म्हणून तिला नुसतं चुकीचं म्हणून बाजूला सारता येत नाही.

एर्गोटामीनचा दोष असा की ते डोक्यापुरतं थांबत नसे. हातापायांच्या रक्तवाहिन्याही ते आवळी. जास्त घेतलं तर बोटं बधिर, काळीनिळी पडत. मळमळ वाढे. आणि रोज घेणाऱ्याला औषधामुळंच डोकेदुखी जडे.

दुसरीकडे, डोकेदुखीशी काहीही देणंघेणं नसलेल्या एका प्रयोगशाळेत एक अडचण उभी होती. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये अर्व्हाइन पेज रक्तदाबाचा अभ्यास करत होते. रक्तदाब वाढवणारं द्रव्य त्यांना रक्तात शोधायचं होतं. पण रक्त गोठलं की त्याच्या निवळीत एक असा पदार्थ उतरे, जो आपणहून रक्तवाहिन्या आवळून सगळे प्रयोग बिघडवी. हा बिघडवणारा कोण, ते आधी ओळखायचं ठरलं. मॉरिस रॅपोर्ट या तरुण रसायनज्ञाकडे ते काम आलं. सोबत आर्डा ग्रीन होत्या. खाटिकखान्यातून आणलेल्या गुरांच्या रक्ताची शेकडो लिटर निवळ गाळत, आटवत त्यांनी अखेर थोडे स्फटिक हाती आणले. १९४८ साली त्याला नाव मिळालं सेरोटोनिन: सीरममध्ये असलेलं, रक्तवाहिनीला ताण देणारं. पुढच्याच वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रचना सांगितली: ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामीन.

हाच पदार्थ इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना आतड्याच्या अस्तरात १९३०च्या दशकातच दिसला होता; त्यांनी त्याला एंटेरामीन म्हटलं होतं. दोन्ही एकच, हे १९५२ पर्यंत स्पष्ट झालं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आजही आतड्यातच सापडतं, आणि रक्तातलं जवळजवळ सगळं रक्तबिंबिकांच्या पोटात भरलेलं असतं. मेंदूत ते असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बेट्टी ट्वारॉग यांना मात्र वाटलं. शिंपल्यातल्या प्राण्याचे स्नायू सेरोटोनिननं सैलावतात, हे त्यांनी पाहिलं होतं. शिंपल्याच्या मज्जातंतूंना जे चालतं ते आपल्या मेंदूला का चालू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. पेज यांच्याच प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन दाखवलं. १९५३ सालची ही गोष्ट.

आता मुंबई. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाची भुकटी देत असत. ही वनस्पती वैद्य आणि हकीम शतकानुशतकं वापरत आले होते. १९३१ मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलं होतं, त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी तिच्यातले क्षार वेगळे करत होते. पण ते लेखन पाश्चात्त्य डॉक्टरांच्या नजरेत आलं नाही. वकिलांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगाचं लक्ष सर्पगंधेकडं वळलं. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीनं मुळातलं प्रभावी द्रव्य, रेसर्पीन, वेगळं केलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पीन रक्तदाब उतरवतं आणि भ्रमिष्ट, खवळलेल्या रुग्णाला शांतही करतं. ते कसं, हा प्रश्न अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटानं घेतला. १९५५ मध्ये प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी दाखवलं की रेसर्पीन दिल्यावर शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिते होतात. आणि रेसर्पीन घेणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांत डॉक्टरांना एक गोष्ट दिसत होती: औषधानं त्यांचं डोकं दुखायला लागे, अगदी त्यांच्या नेहमीच्या झटक्यासारखं. कोठारं रिकामी झाली की अर्धशिशी उठते, तर मग सेरोटोनिन परत घातलं की ती बसायला हवी. आरंभी सांगितलेला १९६०चा प्रयोग या तर्कातून आला. त्यात रेसर्पीननं उठवलेलं दुखणंही सेरोटोनिननं शमलं आणि आपोआप उठलेलंही.

रुग्णांच्या लघवीत आणि रक्तात याचा पडताळा मिळत गेला. फ्लॉरेन्समध्ये फेदेरिगो सिकुतेरी यांना १९६१ मध्ये दिसलं की झटक्याच्या वेळी सेरोटोनिनचा उत्सर्जित अवशेष लघवीत वाढतो. सिडनीत जेम्स लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवलं की त्याच वेळी रक्तातलं सेरोटोनिन खाली जातं. दोन्ही निरीक्षणं एकमेकांना धरून होती: बिंबिकांतून सेरोटोनिन सुटतं, वाहून जातं आणि मागं तुटवडा राहतो.

पण याच सिकुतेरींनी १९५९ पासून एक वेगळंच औषध पुढं आणलं होतं. मेथीसर्जाइड. अरगटाच्याच घराण्यातलं, सेरोटोनिनला अडवणारं म्हणून ओळखलं जाणारं. ते रोज घेतलं तर अर्धशिशीचे झटके कमी येत. म्हणजे सेरोटोनिन दिल्यानंही गुण आणि सेरोटोनिन अडवल्यानंही गुण? या कोड्यावर कित्येकांनी डोकं फोडलं. (मेथीसर्जाइडचाही पुढं मोठा दोष निघाला. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या पोटामागच्या पडद्यात चिवट तंतू वाढून मूत्रवाहिन्या दाबल्या जात. तो उघड करणाऱ्यांत वुल्फ यांचे जुने सहकारी जॉन ग्रॅहमच होते.)

कोडं सुटण्याची वाट औषधशास्त्रातल्या एका कल्पनेनं आधीच दाखवून ठेवली होती. कोणतंही रासायनिक द्रव्य पेशीवर काम करतं ते पेशीच्या अंगावरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटून. त्याला रिसेप्टर, मराठीत ग्राही, म्हणतात. एकाच द्रव्याचे ग्राही निरनिराळ्या प्रकारचे असू शकतात, आणि कुठल्या अवयवात कुठला प्रकार आहे यावर परिणाम ठरतो. एडिनबरात गॅडम आणि पिकारेल्ली यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर काम करून सांगितलं की सेरोटोनिनचे निदान दोन ग्राही आहेत. मग तिसरा असला तर? आणि तो डोक्याच्या रक्तवाहिन्यांतच जास्त असला तर?

हा प्रश्न लंडनच्या उत्तरेला वेअर या गावी, ग्लॅक्सोच्या प्रयोगशाळेत पॅट्रिक हंफ्री यांनी १९७२ पासून धरून ठेवला. तिथले संशोधन-प्रमुख डेव्हिड जॅक यांना या मार्गाची खात्री होती, कारण त्यांच्याच हाताखाली दम्यावरचं साल्ब्युटामॉल तयार झालं होतं. अॅड्रिनलिनच्या अनेक ग्राहींपैकी श्वासनलिकेतल्या एकालाच मुख्यतः जागं करायचं आणि हृदयाला शक्य तितकं मोकळं सोडायचं, हे त्यामागचं गमक होतं. हंफ्रींना तेच सेरोटोनिनच्या बाबतीत हवं होतं.

त्यांच्या गटानं निरनिराळ्या प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांचे तुकडे क्षारपाण्यात जिवंत ठेवून ताणमापकाला जोडले आणि एकेकावर सेरोटोनिन टाकून पाहिलं. सशाच्या महाधमनीत मेथीसर्जाइड अपेक्षेप्रमाणं सेरोटोनिनला अडवी. कुत्र्याच्या मागच्या पायातल्या एका वरवरच्या शिरेत मात्र वेगळंच घडलं. तिथं मेथीसर्जाइड अडवत तर नव्हतंच, उलट स्वतःच शिरेला आकसवत होतं. सेरोटोनिनसारखंच वागत होतं. ओळखीचे अडवणारे पदार्थ घालूनही ती शीर सेरोटोनिननं आकसत राहिली. म्हणजे तिथला ग्राही निराळा होता. जुन्या कोड्याचीही इथं उकल दिसू लागली: मेथीसर्जाइड एका जागी अडवणारं आणि दुसऱ्या जागी चालना देणारं होतं.

नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला काम करणारे, मूळचे भारतातले औषधशास्त्रज्ञ प्रमोद रंजन सक्सेना स्वतंत्रपणे त्याच दिशेनं आले होते. मेथीसर्जाइडनं कुत्र्याच्या मानेतल्या, डोक्याकडं जाणाऱ्या रक्ताचा ओघ विशेषकरून कमी होतो, असं त्यांना दिसलं होतं. पायातल्या शिरेत सापडलेला निराळा ग्राही डोक्याच्या वाटेवरही आहे, असा त्याचा अर्थ होता. सेरोटोनिनच्या ग्राहींची सर्वमान्य वर्गवारी १९८६ मध्ये जगातल्या ज्या नऊ शास्त्रज्ञांनी मिळून मांडली, त्यांत हंफ्रीही होते आणि सक्सेनाही.

आता रसायनज्ञांचं काम. पायातल्या शिरेला आकसवेल आणि बाकी कशाला हात लावणार नाही असा रेणू हवा होता. सेरोटोनिनच्या सांगाड्यावर एका टोकाला असलेला हायड्रॉक्सिल गट काढून तिथं कार्बोक्सामाइड बसवला, तेव्हा शिरेवर विलक्षण जोरकस काम करणारं द्रव्य मिळालं. पण ते दुसऱ्या एका ग्राहीलाही उठवी. शरीरातल्या इतर वाहिन्या सैलावत आणि रक्तदाब कोसळे. अलेक्झांडर ऑक्सफर्ड आणि त्यांच्या सोबतच्या रसायनज्ञांनी तो गट किंचित लांब केला, बदलला, पुन्हा तपासला. पुढचा रेणू निवडक होता, माणसाला शिरेतून दिल्यावर गुणही आला, पण तोंडावाटे तो नीट शोषला जाईना. मग १९८४ मध्ये जीआर ४३१७५ तयार झाला. एका टोकाला सल्फोनामाइड, दुसऱ्या टोकाला नायट्रोजनवर दोन मिथिल. भूल दिलेल्या कुत्र्यात त्यानं मानेतल्या धमनीचा ओघ उतरवला, पण रक्तदाब जागचा हलला नाही. वर्षानुवर्षं शोधत होते ते हेच होतं. पुढं याच रेणूला सुमाट्रिप्टान हे नाव मिळालं.

या वाटेवर किती कुत्रे, ससे, गिनीपिग खर्ची पडले याचा हिशेब निबंधांत तुकड्यातुकड्यानं असतो. तो वाचताना मन जड होतं, आणि होऊ द्यावं. गोळी घेऊन तासाभरात उठून बसणाऱ्या माणसाच्या मागं ते प्राणीही आहेत.

१९८८ मध्ये म्युनिकमधल्या डोनिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे माणसांवरचे पहिले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या येस ओलेसेन यांच्या पुढाकारानं डोकेदुखीची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली. अर्धशिशी कशाला म्हणायचं हे जगभर एकसारखं झालं आणि मोठ्या चाचण्या करणं सोपं झालं. १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६३९ रुग्णांच्या चाचणीचा निकाल छापला गेला. ६ मिलिग्रॅम औषध कातडीखाली टोचलेल्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचं दुखणं तासाभरात उतरलं. औषधाविना नुसता द्रव टोचलेल्यांपैकी २५ टक्क्यांचं. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये औषध विक्रीला आलं. अमेरिकेत १९९२च्या डिसेंबरात इंजेक्शनला मान्यता मिळाली, १९९५ मध्ये गोळीला. गोळीतलं जेमतेम १४ टक्के औषध रक्तात पोचतं, टोचलेलं जवळजवळ सगळंच. म्हणून इंजेक्शनला ६ मिलिग्रॅम पुरतात आणि गोळी ५० किंवा १०० मिलिग्रॅमची लागते. तीही दुखणं चढायच्या आत घ्यावी, कारण झटक्यात जठराचं काम मंदावतं.

सुमाट्रिप्टान साधी वेदनाशामक गोळी नव्हे. अंगदुखीवर, दातदुखीवर ते काही करत नाही. याच गुणामुळं संशोधकांच्या हातात ते एक अवजार ठरलं. जे द्रव्य एकाच प्रकारच्या ग्राहींना उठवतं आणि एकाच प्रकारचं दुखणं थांबवतं, त्याच्या मागं मागं गेलं तर दुखण्याच्या उगमापाशी पोचता येईल. तसंच झालं, फक्त पोचले ते वुल्फ यांनी दाखवलेल्या जागेपेक्षा वेगळ्या जागी. बोस्टनमध्ये मायकेल मॉस्कोविट्झ यांचं म्हणणं होतं की दोष नुसत्या वाहिन्यांचा नाही. मेंदूच्या आवरणातल्या वाहिन्यांभोवती चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूचं जाळं आहे, ते खवळून दाहक पदार्थ सोडतं. उंदरांत त्यांनी हा दाह सुमाट्रिप्टाननं रोखून दाखवला. पीटर गोड्सबी आणि स्वीडनचे लार्स एडविन्सन यांनी ऐन झटक्यात रुग्णांच्या मानेतल्या शिरेतून रक्त घेतलं. त्यात सीजीआरपी नावाचं पेप्टाइड वाढलेलं होतं. सुमाट्रिप्टाननं दुखणं उतरलं की तेही पूर्वपदावर येई. ते याच मज्जातंतूंतून सुटतं. पुढं सेरोटोनिनच्या ग्राहींची जनुकं सापडली, तेव्हा औषध मुख्यतः १बी आणि १डी या दोन ग्राहींवर काम करतं हे स्पष्ट झालं. पहिला वाहिन्यांच्या भिंतीत आहे, दुसरा मज्जातंतूंच्या टोकांवर. आणि २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी झटका चालू असताना चुंबकीय चित्रण केलं, तर कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या आढळल्याच नाहीत.

एकदा वाट मोकळी झाल्यावर झोल्मीट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, नाराट्रिप्टान अशी भावंडं भराभर आली. आज भारतीय कंपन्याही ही औषधं बनवतात आणि आपल्या शहरांतल्या औषधांच्या दुकानांत ती चिठ्ठीवर मिळतात. मर्यादाही दिसल्या. काहींच्या छातीत आवळल्यासारखं होतं. हृदयाच्या धमन्यांतही १बी ग्राही थोडे आहेत, म्हणून हृदयविकार, पक्षाघात झालेला किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्या रुग्णाला हे औषध देत नाहीत. महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस घेतलं तर एर्गोटामीनसारखीच औषधाची डोकेदुखी जडते. आणि तीनातल्या एखाद्या रुग्णाला त्याचा पुरेसा गुण येतच नाही.

ज्यांना हृदयामुळं ही ट्रिप्टान औषधं वर्ज्य, त्यांच्यासाठी सेरोटोनिनचाच आणखी एक ग्राही, १एफ, शोधकांनी निवडला. तो मज्जातंतूंवर आहे आणि वाहिन्या आकसवत नाही. त्याला उठवणाऱ्या लास्मिडिटानला अमेरिकेत २०१९च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली. वाहिनीला हात न लावताही अर्धशिशी थांबते, हे त्यानं रुग्णांवर दाखवून दिलं. मात्र सुमाट्रिप्टान मेंदूत फारसं शिरत नाही, हे शिरतं. गरगरतं, गुंगी येते. म्हणून त्याच्या वेष्टनावर सूचना असते: गोळी घेतल्यावर आठ तास वाहन चालवू नये.